ठासणीची बंदूक : हेटकऱ्यांच्या खांद्यावरून शेताच्या बांधावर

भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या १३ व्या कलमात एक तरतूद आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी नागरिकाने ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीचा परवाना मागितला, तर परवाना अधिकाऱ्याने तो द्यावा. ही बंदूक त्या कामाला पुरी पडणार नाही अशी त्याची खात्री झाली, तरच दुसऱ्या एखाद्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा विचार करावा. हा कायदा झाला तेव्हा ब्रिटिश सैन्याने ठासणीची बंदूक टाकून नव्वदांहून अधिक वर्षे लोटली होती. जगाने मोडीत काढलेले हे हत्यार आपल्या कायद्यात मात्र नावानिशी टिकले. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरच्या खारेपाटणपासून थेट दोडामार्गपर्यंत अनेक शेतकरी घरांत आजही अशी बंदूक आहे. परवान्यावर तिची नोंद ‘एस.बी.एम.एल.’, म्हणजे ‘सिंगल बॅरल मझल लोडिंग’, अशा चार अक्षरांत होते. म्हाताऱ्या माणसांना विचारले, तर पूर्वी ती सशासाठी भरायची कशी आणि डुकरासाठी भरायची कशी, हे ते नीट फोड करून सांगतात. हे हत्यार इथवर आले कसे, किती हातांतून गेले आणि प्रत्येक वळणावर त्यात काय बदलले, याचा मागोवा आपण घेऊ.

सुरुवात दारूच्याही आधीपासून करावी लागते. खारेपाटण हे विजयदुर्गच्या खाडीच्या वरच्या टोकाचे जुने बंदर. समुद्रातून येणारा माल इथे उतरायचा आणि घाट चढून देशावर जायचा. याच गावी सापडलेला दक्षिण कोकणच्या शिलाहारांचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे. तो देणारा रट्टराज हा कल्याणीच्या चालुक्य सत्याश्रयाचा मांडलिक होता. याच चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने सुमारे सव्वाशे वर्षांनी ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात मृगयेचे प्रकार विस्ताराने सांगितले आहेत. धनुष्य, जाळी, फास आणि शिकवलेली जनावरे यांवर चालणारी ती शिकार होती. कोकणातला साधा माणूस ससा धरायचा तोही याच साधनांनी. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे माळरान. तिथल्या झुडपाखाली दिवसभर अंग चोरून बसलेला ससा उठवायचा, कुत्र्यांनी पिटाळायचा आणि वाटेत लावलेल्या जाळ्यात अडकवायचा. ही पारध गावाने मिळून करायची गोष्ट होती. एकट्या माणसाला पळता ससा मारता येईल असे हत्यार तेव्हा कोणाकडेच नव्हते.

ते हत्यार पश्चिम किनाऱ्यावर आले समुद्रातून. १५१० मध्ये अफोंसो द अल्बुकर्कने गोवा घेतले. तिथल्या शस्त्रशाळेत आणि लोहारांच्या भट्ट्यांत त्याला जे आढळले, त्याने तो थक्क झाला. १५१३ मध्ये पोर्तुगालच्या राजाला धाडलेल्या पत्रात त्याने गोव्याच्या बंदूक कारागिरांची वाखाणणी केली आणि ते बोहेमियातल्या कारागिरांच्या तोडीचे काम करतात असे कळवले. मध्य युरोपातला बोहेमिया तेव्हा बंदुकांसाठी नावाजलेला होता. गोव्याच्या लोहारांची ही कीर्ती आज जवळजवळ विस्मरणात गेली आहे. देशी कसब आणि पोर्तुगीज घाट यांच्या मिलाफातून या किनाऱ्यावर तोडेदार बंदुकीचा एक निराळा प्रकार जन्मला. चाप दाबताच तिचा घोडा कमानीच्या जोराने झटकन खाली येई. १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांनी ज्या बंदुका उतरवल्या आणि ज्यांच्यावरून जपानी कारागिरांनी पुढे हजारो बंदुका घडवल्या, त्या याच हिंदी-पोर्तुगीज घराण्यातल्या होत्या असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे खारेपाटणपासून दोन-चार दिवसांच्या गलबतप्रवासावर घडणाऱ्या वस्तूने पूर्वेच्या टोकाच्या देशाचे युद्धशास्त्र बदलले.

तोडेदार बंदूक म्हणजे काय, हे जरा थांबून पाहायला हवे. लोखंडाची लांब नळी, तिच्या बुडाशी बारीक छिद्र, छिद्राबाहेर चिमूटभर रंजक म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, आणि घोड्याच्या चिमट्यात धरलेली जामगी. ही जामगी म्हणजे सोऱ्यात भिजवून वाळवलेली, सतत धुमसणारी दोरी. चाप दाबला की जामगी रंजकावर टेकते आणि आग छिद्रातून आत शिरते. अकबराच्या काळी हे तंत्र किती पुढे गेले होते, ते अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त दिसते. पूर्वी नळीचा चौथा हिस्साच भरता येत असे, त्याहून अधिक दारू घातली तर नळी फुटे. मग लोखंडाची पट्टी तिरपी गुंडाळत, एका पदरावर दुसरा पदर चढवत नळी घडवण्याची रीत आली आणि तोंडापर्यंत भरली तरी ती फुटेनाशी झाली. अकबराच्या एका लाडक्या बंदुकीचे नाव ‘संग्राम’ होते. पण हे सारे वैभव सशापुढे निरुपयोगी ठरे. धुमसत्या दोरीचा वास वाऱ्यावर जातो, तिचा निखारा अंधारात दिसतो, आणि चाप दाबल्यापासून बार निघेपर्यंत जो क्षण जातो तेवढ्यात ससा हातभर पुढे गेलेला असतो. तोडेदार बंदुकीने बसलेले जनावर टिपता येई. पळत्या सशाची शिकार अजून जाळ्यांची आणि कुत्र्यांचीच होती.

सतराव्या शतकात कोकणातला साधा माणूस बंदूकधारी झाला तो शिवाजी महाराजांच्या पायदळामुळे. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात या पायदळाचे दोन भाग सांगितले आहेत. घाटमाथ्यावरचे ते मावळे आणि कोकणातले ते हेटकरी. हत्यार ज्याचे त्याने आणायचे, दारूगोळा मात्र सरकारने पुरवायचा. दर दहावा माणूस बंदुकीऐवजी धनुष्यबाण बाळगी, कारण रात्रीच्या छाप्यात आवाज आणि उजेड दोन्ही घातक. हेटकरी नेमबाजीत वाकबगार होते, असे डफ सांगतो, आणि त्याला जोडून आपल्या विषयासाठी अमोल असा एक तपशील देतो. काही हेटकऱ्यांकडे चकमकीच्या बंदुका होत्या, आणि गारगोटीने ठिणगी पाडण्याची ही युक्ती त्यांना पोर्तुगीजांकडून फार लवकर मिळाली होती. उत्तरेतल्या मोठमोठ्या फौजा जामगी जाळत असताना दक्षिण कोकणातल्या काही शेतकरी-शिपायांच्या हाती त्यापुढची पायरी येऊन पोचली होती. बंदूक शिपायाच्या मालकीची असल्यामुळे मोहीम संपली की ती त्याच्याबरोबर घरी येई. पावसाळ्यात नांगर धरणारा आणि दसऱ्याला शस्त्र पुजून बाहेर पडणारा हा माणूसच कोकणातल्या घरगुती बंदुकीचा मूळपुरुष मानावा लागतो.

हत्यार घरचे असले तरी दारू राज्याची होती आणि राज्य तिला जिवापाड जपत असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, १७१५-१६ च्या सुमारास, गडावरचे दारूखाने राहत्या घरांपासून दूर असावेत आणि ठरावीक दिवसांनी दारू बाहेर काढून, उन्हे देऊन पुन्हा बंदिस्त करावी अशी सूचना आहे. कोकणच्या दमट हवेत या सूचनेचे मोल किती, ते इथे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही काळी दारू. तिच्यात सुमारे पाऊण हिस्सा सोऱ्याचा. धुवाधार पावसाच्या मुलखात सोरा जमिनीवर साठून राहत नाही, तो कोरड्या प्रदेशातून आणावा लागतो. शिसे व्यापाऱ्यांकडून घ्यावे लागते. त्यामुळे घाट आणि समुद्र जोडणाऱ्या खारेपाटणसारख्या ठाण्यांना महत्त्व आले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाने कान्होजी आंग्रे यांच्याशी तह करून त्यांच्या ताब्यात जी ठाणी मान्य केली, त्यांत राजापूर आणि सातवलीबरोबर खारेपाटणचेही नाव आहे. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून विजयदुर्ग जिंकला, आंग्र्यांची सत्ता गेली, आणि ही खाडी पेशव्यांकडे आली. १८१८ मध्ये ती इंग्रजांची झाली. राज्ये बदलली, पण घराच्या आढ्याला टांगलेली बंदूक बहुधा तिथेच राहिली.

अठरावे शतक हे चकमकीच्या बंदुकीचे. महादजी शिंदे यांच्यासाठी द बॉयन या युरोपीय सेनानीने कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांना लागणाऱ्या बंदुका आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तयार होत, आणि तिथे एका बंदुकीला जेमतेम दहा रुपये खर्च येई असे सांगतात. मात्र सशाच्या शिकारीचे खरे वळण या काळात दूर इंग्लंडमध्ये आले, तेही एका नळकाम करणाऱ्या कारागिराच्या हातून. तोवर शिकारीचे छर्रे शिशाचा पत्रा कापून किंवा साच्यात ओतून करत. ते ओबडधोबड असत आणि हवेत भलतीकडे जात. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ मध्ये एक पेटंट घेतले. वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून खाली पाण्यात सोडायचे. पडता पडता प्रत्येक थेंब आपोआप गोल होतो आणि पाण्यात पडून तसाच घट्ट होतो. त्यासाठी त्याने आपल्या राहत्या घरावरच मनोरा चढवला. एकसारखे गोल, क्रमांकवार छर्रे स्वस्तात मिळू लागले. एका गोळीने एकच जागा साधते. शंभर-दीडशे बारीक छर्ऱ्यांचा एक फेर तयार होतो आणि पळते जनावर त्या फेरात सापडते. चकमकीने क्षणाचा उशीर कमी केला आणि छर्ऱ्याने नेमाची चूक पोटात घेतली. ससा बंदुकीच्या आटोक्यात आला तो या दोन्ही गोष्टी जुळल्यावर.

तरी चकमकीत एक खोट राहिलीच होती. गार आपटली की आधी बाहेरच्या रंजकाचा भपका उडतो आणि मग आतला बार निघतो. तो भपका पाहूनच पाखरे उडतात, हे स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावच्या पाद्र्याला, अलेक्झांडर फोर्साइथला, खटकत होते. १८०० मध्ये एडवर्ड हॉवर्डने पाऱ्यापासून बनणाऱ्या एका स्फोटक क्षाराचे वर्णन प्रसिद्ध केले होते. आघात होताच पेटणाऱ्या अशा क्षारांचा उपयोग फोर्साइथने बार पेटवण्यासाठी केला आणि १८०७ मध्ये पेटंट मिळवले. युद्धखात्यापेक्षा शिकारीच्या वेडाने जन्मलेला हा शोध. पुढे १८२० च्या दशकात त्याला तांब्याच्या टोपीचे सुटसुटीत रूप आले. आपल्याकडे तिला केप म्हणतात. नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ निपलवर केप बसवायची, घोडा आपटला की ठिणगी थेट आतल्या दारूत. वारा लागला, पावसाची भुरभुर आली, तरी बार निघतो. कोकणासारख्या प्रदेशाला याहून मोठे वरदान ते कोणते? जुन्या बंदुकांची चकमक काढून तिथे केपचा घोडा बसवण्याचे काम तेव्हा जगभर झाले. आज कोकणात जी ठासणीची बंदूक म्हणून ओळखली जाते, ती ही केपची बंदूक.

आता तिची निवड आणि तिचा बार कसा असे, ते पाहू, कारण या हत्याराचे सारे शहाणपण तिथे साठलेले आहे. आपल्याकडे रानात दिसतो तो काळ्या मानेचा भारतीय ससा, शास्त्रीय नाव लेपस निग्रिकोलिस. युरोपातला बिळात राहणारा ससा निराळा. आपला ससा बीळ खणत नाही, उघड्यावर खळगीत बसतो, संध्याकाळी चरायला निघतो आणि उठला की नागमोडी पळतो. वजन दोन-अडीच किलो, कातडी पातळ. त्याला जोरकस बार लागत नाही, दाट फेर लागतो. म्हणून जाणते लोक सशासाठी हलकी, खांद्याला चटकन येणारी एकनळी बंदूक पसंत करत. जगभरच्या ठासणी वापरणाऱ्यांचा ठोकताळा असा, की दारू आणि छर्रे एकाच मापाने, सारख्या घनफळाचे घ्यावेत. दारू वाढवली तर लांब मारा होईल, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात फेर मधोमध फाटतो आणि ससा त्या भोकातून निसटतो. छर्रा जाड घेतला तर संख्या घटते आणि फेर विरळ होतो. शिवाय या नळीचे तोंड सरळच असावे लागते, कारण सगळा माल तिथूनच आत जायचा. काडतुसाच्या बंदुकीसारखी तोंडाशी आवळलेली नळी इथे अडचणीची. त्यामुळे पंचवीस-तीस पावले ही तिची खरी मर्यादा. आधी दारू, तिच्यावर काथ्याचा किंवा चिंधीचा घट्ट बोळा, मग छर्रे, वर हलकासा बोळा, आणि प्रत्येक थरावर गजाने एकसारखी ठासणी. दारू आणि माल यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळी फुटण्याचा धोका. तीच बंदूक डुकरासाठी भरायची तर छर्ऱ्यांच्या जागी गोळी यायची. घरातला भाताचा मापटा जसा पेरणीला आणि पाहुणचाराला वेगवेगळा भरला जाई, तशी ही एकच नळी कामाप्रमाणे भरली जात असे.

गुळगुळीत नळीचा हा सोयीचा गुण पुढे राजकारणात शिरला. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड बंदूकही ठासणीचीच होती, पण तिच्या नळीत आटे होते. गोळी फिरत जाई आणि अचूक लागे. तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला. त्याच वर्षी नि:शस्त्रीकरणाचा कायदा आला. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी हत्यारे द्यायला नकार देऊन नोव्हेंबर १८५७ मध्ये बंड केले आणि ते निर्दयपणे चिरडले गेले. उठाव शमल्यावर देशी पलटणींसाठी १८५८ चा नवा नमुना निघाला. बाहेरून तो एनफिल्डसारखाच दिसे, मात्र आतली नळी गुळगुळीत होती. शिपायाच्या हाती लांबचा अचूक मारा राहू नये, एवढाच त्यामागचा हेतू. आपण इथे जरा थांबले पाहिजे. राज्यकर्त्याला जी नळी दुबळी म्हणून निर्धोक वाटली, तीच नळी छर्रा फेकायला सर्वांत योग्य असते. आटे असलेल्या नळीतून छर्रे धड जात नाहीत. लष्करी दुबळेपण आणि शेतकऱ्याची उपयुक्तता एकाच पोकळीत एकत्र आली. ठासणीच्या बंदुकीचे पुढचे दीडशे वर्षांचे आयुष्य या योगायोगावर उभे आहे.

१८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा झाला. देशी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सवलत. हा भेद इतका उघड होता, की १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला. कुर्गमधल्या कोडवांना या कायद्यातून सूट मिळाली आणि ती आजही चालू आहे. हेटकऱ्यांच्या वंशजांना अशी सूट कधी मिळाली नाही; त्यांच्या वाट्याला परवान्याचा कागद आला. मधल्या काळात विलायतेत काडतुसाची, मागून उघडणारी बंदूक रूढ झाली. १८६६ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्नायडर घेतली, शिकारी गृहस्थही तिकडे वळले. ठासणीची बंदूक एकदम गरिबाची झाली आणि म्हणूनच भारतभर पसरली. १८७५ मध्ये नैनितालला जन्मलेल्या जिम कॉर्बेटची लहानपणची पहिली बंदूक ठासणीची, दुनळी होती. तिची उजवी नळी फुटलेली आणि दस्ता पितळी तारेने बांधलेला. मीर कासिमने १७६२ च्या सुमारास मुंगेरला राजधानी हलवून शस्त्रांचा कारखाना काढला होता. तिथली कारागिरी पुढे परवानाधारक कारखान्यांच्या रूपाने टिकली आणि एकनळी ठासणीच्या बंदुका दूरदूरच्या खेड्यांत पोचल्या. कोकणात तिने जुन्या गावपारधीत आपली जागा घेतली. हाकारे रान काढत, बंदूकवाले मोक्याच्या वाटा धरून बसत, आणि मिळालेल्या मांसाचे वाटे मानाप्रमाणे आणि कामाप्रमाणे पडत. ज्याचा बार लागला त्याचा वाटा वेगळा, बंदूक ज्याची त्याचाही वेगळा. हजार वर्षांपूर्वीच्या जाळ्यांच्या पारधीची चौकट तशीच राहिली, तिच्यात फक्त नळी शिरली.

या शिकारीला पहिली वेसण १९१२ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्याने घातली, दुसरी मुंबई राज्याच्या १९५१ च्या कायद्याने. निर्णायक ठरला तो १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्यात ससा लहान शिकारीच्या प्राण्यांत धरला गेला आणि परवान्याशिवाय त्याला मारणे गुन्हा झाले. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपवले. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेरमांडणी झाली तरी सशाचे संरक्षण कायम राहिले. ही बंदी योग्यच आहे, असे मला मनापासून वाटते. सड्यावरचा ससा हे बिबट्याचे, कोल्ह्याचे, मोठ्या घुबडाचे आणि गरुडाचे भक्ष्य. दिव्यांच्या झोतात दिपून जागच्या जागी थबकलेल्या सशाला मारण्यात जुन्या पारधीचे ना कसब उरले होते, ना वाट्याची शिस्त. ज्या बंदुकीने कधीकाळी पळता ससा साधण्याचे कौशल्य घडवले, ती चोरट्या शिकारीचे साधन होणे हा तिच्या वंशाचा अपमान आहे.

मग बंदूक उरली कशासाठी? याचे उत्तर १९५९ च्या कायद्यातल्या त्या तरतुदीत आहे, आणि ते शेताच्या बांधावर रोज तपासले जाते. भात पोटरीला आले की रानडुकरांचे कळप उतरतात, काजू-आंब्याच्या बागांत माकडे आणि वांदर धुमाकूळ घालतात, आणि गेल्या काही वर्षांत गवे सिंधुदुर्गाच्या शेतांत सर्रास शिरू लागले आहेत. एका रात्रीत वर्षाची बेगमी जाते. अशा वेळी ठासणीच्या बंदुकीचे काम मुख्यतः आवाजाचे. काळ्या दारूचा तो दणदणीत, खोल बार दरीत घुमतो आणि कळप पांगतो. पिकाचे नुकसान करणाऱ्या विशिष्ट प्राण्याला मारायचे तरी त्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते. केवळ शस्त्राचा परवाना असून भागत नाही. हे दोन परवाने दोन कायद्यांतून, दोन खात्यांकडून येतात, आणि शेतकरी त्यांच्यामध्ये अडकतो. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. बंदुकीचा मालक वारला की वारसाच्या नावे परवाना करून घेण्याची खटपट सुरू होते. शहरात गेलेल्या मुलांना ती झेपत नाही, आणि जमा झालेली बंदूक गंजत पडते. बंदुकीची जागा मग लोक फासकीने भरून काढतात. तारेची ही फासकी डुक्कर, बिबट्या आणि कुत्रा यांत फरक करत नाही, आणि तिच्यासाठी परवाना मागायला कोणी जात नाही. नेम धरून, विचार करून, एकदाच निघणाऱ्या बारापेक्षा रात्रभर आंधळेपणाने टपून बसलेली तार रानाला कितीतरी अधिक घातक आहे.

पाचशे वर्षांची ही वाट पाहिली, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. गोव्याचा लोहार, हेटकरी, आंग्र्यांचा ठाणेदार, स्कॉटिश पाद्री, ब्रिटिश सरकार आणि स्वतंत्र भारताची संसद, या प्रत्येकाने ही बंदूक आपल्या गरजेप्रमाणे पुन्हा घडवली. वेग, पल्ला आणि अचूकपणा यांची शर्यत दुसऱ्या हत्यारांनी जिंकली. ठासणीची बंदूक टिकली ती संथपणामुळे. एका बारानंतर पुन्हा उभे राहून दारू मोजावी लागते, बोळा ठासावा लागतो, केप बसवावी लागते. तेवढ्या वेळात माणसाला विचार करावाच लागतो. कायद्याने तिला शेतकऱ्याच्या हाती ठेवले ते याच भरवशावर, आणि तो भरवसा दोन्ही बाजूंनी पाळला गेला पाहिजे. शेतकऱ्याने ससा आणि भेकरापासून नळी दूर ठेवावी. प्रशासनाने पीक तयार होण्याच्या महिन्यांत सरसकट जमा करण्याऐवजी माणूस पाहून निर्णय घ्यावा, आणि वनखात्याची परवानगी पीक जाण्याआधी शेतकऱ्याच्या हाती पडावी. ठाण्यांत बेवारस पडलेल्या जुन्या बंदुका भंगारात जाण्याआधी त्यांची नोंद व्हावी. कोणती नळी कुठे घडली, चकमकीवरून केपवर कधी आली, कोणत्या घरात किती पिढ्या राहिली, हे लिहून ठेवणारे एखादे दालन सिंधुदुर्गात उभे राहावे. अल्बुकर्कने राजाला कळवण्याजोगे मानलेले कसब ज्या किनाऱ्यावर फुलले, त्या किनाऱ्याला आपल्या या हत्याराची वंशावळ ठाऊक असायलाच हवी.